कुलूप लावलेला सूर

प्रिय ओमू,

फोन केला की तू ‘बरी आहे’ म्हणतेस आणि फोन सासूबाईंकडे देतेस, म्हणून पत्र. तुझ्या राखीच्या पाकिटाला कधी दोन ओळींचं उत्तर न देणारा तुझा दादा एवढं लांबलचक लिहायला बसलाय, हस हवं तर.

इकडे धानाची कापणी उरकली. दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रांमध्ये आपला ऑर्केस्ट्रा गावोगाव फिरतोय, पण तू गाणं सोडलंस तेव्हापासून रंग नाही. तुझ्या जागी तुमसरची मुलगी आणली. तीही माझ्या गिटारीसोबत अडखळली आणि मी तिच्यावर डाफरलो. तेव्हा कीबोर्डवाला उमेंद्र म्हणाला, “दुसऱ्याच्या गळ्याले काऊन दोष देऊन राहिला भाऊ? एकदा हे गिटार खोलून तर पाय.” मला राग आला. माझ्या तारांना दोन्ही टोकांना स्क्रूनं आवळायचं कुलूप आहे, सूर हलूच शकत नाही, असं मी जिल्हाभर मिरवलेलं.

तरी खोललं. तारांच्या बुडाशी तो ब्रिज असतो ना, ज्याची दांडी दाबली की सूर डुबकी मारतो आणि पोरं शिट्ट्या मारतात, तो फक्त दोन धारांवर टेकलेला असतो. पुढून तारा ओढतात, मागून स्प्रिंगा. धार चांगली असेल तर दांडी सोडताच तो जागेवर येतो. उचलून बघतो तर दोन्ही धारा बोथट, आणि खाली गंजानं काळा पडलेला कुंकवाचा गाळ. दरवर्षी दसऱ्याला विळे, फाळ मांडले की त्यांच्या शेजारी गिटार मांडून मी तिथंच ओल्या हळदकुंकवाची बोटं ओढायचो. माय म्हणायची, “लाकडाले लाव ना, लोखंडाले कायले?” पण विळ्याचा मान मला गिटारीलाही द्यायचा होता. दिला आणि वाट लावली.

नागपूरहून नवा ब्रिज मागवला. बसवताना नाकी नऊ आले. एक तार चढवली की बाकीच्या उतरतात, त्या चढवल्या की पहिली उतरते. फिरून फिरून सगळ्या जुळल्या, ब्रिज सपाट राहिला, तेव्हा कुलपं कसली. आता दांडी कितीही दाबा, सूर जागेवर. आनंदाच्या भरात सडक अर्जुनीच्या मंडईतलं तुझं शेवटचं गाणं मोबाइलवर लावलं आणि त्यासोबत वाजवायला बसलो.

सुरुवातीला तू, मी, उमेंद्र एकत्र. मग मी दांडी दाबतो, शिट्ट्या होतात, आणि परत येताना माझी गिटार जराशी खाली राहते. हे मला आत्ता ऐकू आलं. पुढची ओळ तू घेतेस, तीही नेमकी तेवढीच खाली. कीबोर्ड एका बाजूला, मी एका बाजूला, आणि तू माझ्या बाजूला आलीस. पुन्हा दांडी, पुन्हा मी खाली, पुन्हा तू माझ्यासोबत. लोकांना गिटारीतलं काय कळतं? बेसूर वाटते ती गाणारी. आणि गाणं संपल्यावर माईकवर माझाच आवाज: “आमच्या ओमूचा सूर आज सासरीच राहून गेला वाटते!” सगळी मंडई हसली. तूही हसलीस, ओमू. ते हसणं मला ऐकवत नाही.

तू गाणं का सोडलंस ते मायला विचारलं, तेव्हा तिनं सांगितलं. घरी आल्यावर तू म्हणाली होतीस, “गिटार उतरते हे दादाले नोको सांगू वं माय. गिटारीवर त्याचा जीव आहे, लोकाईत मान खाली जाईल त्याची.” त्याच आठवड्यात तू मला भाऊबीजेला ओवाळलं होतंस. मला फार लाज वाटते गं. उमेंद्रच्या डोळ्याला डोळा देववत नाही.

रविवारी आपल्या गावची मंडई आहे. ये म्हणायला लिहिलं नाही, तो हक्क मी माझ्याच तोंडानं घालवला. लिहिलं ते एवढं सांगायला की तू आलीस-न आलीस, पहिल्या गाण्याआधी मी माईक हातात घेऊन तो जुना ब्रिज लोकांना दाखवणार आहे, आणि उतरला होता तो माझा सूर, ओमूचा नव्हे, हे सांगणार आहे. हसू दे सगळ्यांना. आणि कधी पुन्हा माझ्यासोबत गायलीस, तर माझ्यासाठी खाली येऊ नकोस. तू तुझ्या सुरावर थांब. मी येतो.

तुझाच,
योगराजदादा