मागच्या बाकातला कागद

मस्कीगन, मिशिगन
जुलैचा शेवटचा मंगळवार

तीर्थरूप गेरिटदाजी यांस,

मार्विनचा टोपी काढून आणि कमरेत वाकून नमस्कार. (टोपी खरंच काढली आहे. जोआन शेजारी वाटाणे सोलत बसली आहे आणि मी काय लिहितोय त्यावर डोळा ठेवून आहे, तिला विचारा.) तुमचे गुडघे कसे आहेत? डाव्याचं ऑपरेशन झालं तसा उजवा कुरकुरायला लागला, असं आर्लीनताई फोनवर सांगत होती. सख्खे भाऊच ते, एकाचे लाड झाले की दुसऱ्याच्या पोटात दुखणारच. ताईचे टोमॅटो हरणांनी फस्त केले हेही कळलं. आमच्याकडे सगळं क्षेम आहे. कुत्र्याच्या कानाला खाज सुटली आहे, पण तो फक्त जेवणाआधीच्या प्रार्थनेत खाजवतो, एरवी नाही.

पाकिटावरचं अक्षर बघून तुम्ही चष्मा लावला असेल, आणि माझं आहे हे कळल्यावर काढलाही असेल. तीन वर्षांत आपलं बोलणं झालं ते एवढंच, की ख्रिसमसला तुम्ही म्हणालात, "हॅम इकडे सरकव," आणि मी सरकवलं. बहिणीचा नवरा म्हणून तुमचा मान मी कधी सोडला नाही. सोडलं ते फक्त बोलणं. पण आता असं काही घडलंय की मला खुर्चीवर धड बसवत नाही, दोनदा उठून गॅरेजमध्ये जाऊन आलो, आणि हे सांगायला अख्ख्या मिशिगनात तुमच्याशिवाय दुसरा माणूस नाही. नशीब माझं.

आधी थोडं जुनं उगाळतो, रागावू नका. (तुम्हाला सगळं माहीत आहे, पण जोआन म्हणते, पत्र ताईही वाचणार, आणि लग्नाला चाळीस वर्षं होऊनही तिला गाडी म्हणजे चार चाकं यापलीकडे काही कळत नाही.) तर ताई, ऐक. सत्तर साली कारखान्यात गाडी बनायची तेव्हा पट्ट्यावरून तिच्यासोबत एक छापील कागद फिरायचा: हिला अमुक इंजिन बसवा, तमुक रंग द्या, रेडिओ लावा किंवा लावू नका. काम संपलं की कामगार तो कागद हाताला लागेल तिथे कोंबून मोकळे, बाकाच्या स्प्रिंगांत, गालिच्याखाली, पेट्रोलच्या टाकीवर. पन्नास वर्षांनी तुझा भाऊ आणि नवरा त्यासाठी हातापायांवर रांगतील हे त्या बिचाऱ्यांना कुठून माहीत असणार? आता झालंय असं की दांडग्या इंजिनाच्या गाड्या मोजक्याच बनल्या, आणि साध्यासुध्या गाडीत मागाहून दांडगं इंजिन बसवून, रंग फासून ती अस्सल म्हणून मिरवणारे गल्लोगल्ली झाले. कोण खरी आणि कोण सोंग घेतलेली, हे फक्त तो कागद सांगतो. म्हणून दाजी जुन्या गाड्यांच्या मेळाव्याच्या परीक्षक मंडळाचे अध्यक्ष झाल्या झाल्या त्यांनी टेबलावर मूठ आपटून नियम केला: कागद नाही तर गाडी नाही.

आणि दाजी, त्या नियमाखाली पहिला बळी कोणाचा? सख्ख्या मेव्हण्याच्या हिरव्या गाडीचा, माझ्या हिरवीचा. तिला पहिल्या रांगेतून उचलून मागच्या रांगेत टाकलं, फिरत्या संडासांच्या शेजारी. त्या रांगेचं तुम्ही ठेवलेलं नाव आदरांजली रांग. (आदरांजली मेलेल्याला वाहतात, दाजी. माझी हिरवी एका चावीत चालू होते आणि शेजारच्या खिडक्या थरथरतात.) लोक सरळ नकली रांग म्हणतात. गेली तीन वर्षं दर ऑगस्टला मी तिथे बोनेट उघडून, घडीची खुर्ची टाकून बसलोय. नाक दाबून रांगेत उभी असलेली माणसं वेळ घालवायला माझी गाडी बघायची, आणि त्यांचा नंबर आला की अर्ध्या वाक्यात निघून जायची. पुढे पहिल्या रांगेत तुमची नारंगी गाडी, तिच्यासमोर सोनेरी अक्षरांची पाटी, आणि शेजारी हातात फडकं घेऊन तुम्ही. तुम्हाला कोणी कागद विचारला नाही, कारण नियमात तुम्हीच लिहून ठेवलं होतं की जुन्या मानकऱ्यांना माफी.

तीन वर्षं मी त्या कागदासाठी हिरवीचा एकेक अवयव सोडवला. गालिचा काढला, टाकी उतरवली, दारांच्या आत आरसा घालून बघितलं. मागचा बाक मात्र मुद्दाम शेवटी ठेवला होता. तिथेही नाही मिळाला तर शोधायला काही उरलं नसतं, आणि मग मला हे कबूल करावं लागलं असतं की दाजी बरोबर होते. तो घास गिळायची माझी तयारी नव्हती. पण येत्या शनिवारचा मेळावा जवळ आला, तसा गेल्या गुरुवारी मन घट्ट केलं आणि पाना लावला. गॅरेजमध्ये गांधीलमाश्यांनी पोळं केलंय, म्हणून बाक घरात आणला. उलटा करून बॅटरी मारली. उंदरांनी स्प्रिंगांत अख्खी वसाहत उभी केली होती, ओक झाडाची फळं, कापूस, कोणाच्या तरी मोज्याची लोकर. कागद नाही. बाक सुलटा करून मी त्याच्यासमोर फतकल मारून बसलो. रडलो नाही, पण जोआनने न मागता कॉफी आणली, त्यावरून काय ते समजा.

तेवढ्यात दार वाजलं. चर्चची वडीलधारी मंडळी घरभेटीला आली होती. (जोआनने मला तीनदा आठवण करून दिली होती म्हणे. मला एकदाही आठवत नाही.) दोघं होते, पुढे कॉर्नेलियस हाउटमन, ज्याला बघून पियानोसुद्धा वजन कमी असल्यासारखा वाटतो, आणि मागे त्याचा तो सुकडा जोडीदार. सोफ्यावर गालिचा वाळत होता, खुर्च्यांवर क्रमाने लावलेले स्क्रू. उरला तो हिरवीचा बाक. जोआनने डोळे मिटून घेतले आणि मी म्हटलं, "बसा ना." दोघं बसले. स्प्रिंगा पन्नास वर्षांचं सगळं गाऱ्हाणं एका दमात सांगून मोकळ्या झाल्या. कॉर्नेलियसने घाम पुसला आणि नेहमीच्या त्या खोल आवाजात विचारलं, "मार्विन, घरात देवाचं वचन रोज वाचलं जातं ना?" मी हो म्हणायला तोंड उघडलं, आणि त्याच्या दोन बुटांच्या मधोमध, बाकाच्या खालून, पिवळट कागदाचं एक टोक लोंबायला लागलं.

दाजी, मी गुडघ्यांवर पडलो. ठरवून नाही, त्या कागदाच्या ओढीने. आणि कॉर्नेलियसला वाटलं, माझ्यावर कृपा झाली. त्याने ताबडतोब डोळे मिटून प्रार्थनेला सुरुवात केली. तुम्हाला त्याची प्रार्थना माहीत आहे. ती पिकांपासून निघते, परदेशातल्या मिशनऱ्यांकडे जाते, वाटेत सगळ्यांच्या पित्ताच्या खड्यांची चौकशी करते. तेवढ्या वेळात माझा हात कोपरापर्यंत स्प्रिंगांत, वर कॉर्नेलियस, आणि मी श्वास रोखून तो कागद केसाकेसाने सोडवतोय. कॉर्नेलियस हलला तर कागद फाटणार. तो हलू नये म्हणून मी मनापासून देवाला विनवत होतो, तेव्हा माझी प्रार्थना खोटी होती असं कोणी म्हणू नये. शेवटी त्याने आमेन म्हटलं आणि त्याच क्षणी कागद मोकळा झाला. मी म्हटलं, "सापडला." कॉर्नेलियसच्या डोळ्यांत पाणी आलं. मला उठवून छातीशी धरलं आणि म्हणाला, "काहींना फार उशिरा सापडतो रे, पण सापडतो." परवाच्या रविवारी त्याने भर चर्चमध्ये माझा दाखला दिला. जोआन अजून कोणाच्या नजरेला नजर देत नाही.

मंडळी गेल्यावर कागद किटलीच्या वाफेवर धरला, जोआनच्या भरतकामाच्या टॉवेलखाली घालून इस्त्री केली (टॉवेलचं नाव काढू नका), आणि टेबलावर पसरला. एक कोपरा उंदरांनी चाखलेला, बाकी अक्षर न् अक्षर शाबूत. मी नाचलो. साठी उलटलेला माणूस स्वयंपाकघरात नाचला आणि कुत्र्याने साथ दिली. मग चष्मा लावून वरचा गाडीचा नंबर वाचला. माझ्या हिरवीचा नव्हता.

तुम्ही म्हणाल, त्यात काय, होतं असं. तुम्हीच मला शिकवलंत: बाक दुसऱ्या पट्ट्यावर बनायचे, शुक्रवारी संध्याकाळी घाईत हिचा बाक तिच्यात आणि तिचा हिच्यात. पण नंबर ओळखीचा वाटला. कुठेतरी रोज बघतो असा. मी मान वर केली तर फ्रिजवर तुमचं ख्रिसमसचं कार्ड. नारंगी, पुढे तुम्ही, आणि ती सोनेरी पाटी, जिच्यावर तुम्ही हौसेने गाडीचा नंबर रंगवून घेतलाय. जोआनचं टपालाची तिकिटं बघायचं भिंग आणलं. आकडा न् आकडा जुळला. माझ्या गाडीत तुमचा कागद आहे, दाजी.

आता खुर्चीला टेका. कागदावर लिहिलंय: रंग बिस्किटी. इंजिन लहान, सहा सिलिंडरचं. रेडिओ नाही. (जोआन म्हणाली, "एखाद्या पाद्र्याने मागवली असेल.") ज्या गाडीचं बोनेट उघडलं की लोक टोप्या काढतात, ती तुमची नारंगी कारखान्यातून निघाली ती अशी, भाजी आणायला. ग्रँड रॅपिड्सच्या त्या दाताच्या डॉक्टरने तुम्हाला विकली तेव्हाच ती रंगून, इंजिन बदलून आली होती. तुम्हाला ठाऊक नव्हतं. हे मी कोणापुढेही छातीवर हात ठेवून सांगेन.

मी खोटं बोलणार नाही. पहिला तास मी स्वर्गात होतो. मंडळाच्या चिटणिसाला फोन करायला नंबरसुद्धा फिरवला. तीन वर्षं ज्या क्षणाचं स्वप्न बघितलं तो टेबलावर इस्त्री होऊन पडला होता. जोआन फक्त म्हणाली, "त्याने फोन उचलला की आधी काय सांगशील?" आणि पलीकडे घंटा वाजत असताना मला दिसलं, शनिवारी सकाळी तुम्ही तिथे उभे आहात, दुखऱ्या गुडघ्यावर, हातात फडकं, आणि कोणीतरी येऊन पाटी उचलतोय. मी फोन ठेवला. त्या संध्याकाळी मला जेवण गेलं नाही, आणि तेही ताटात बदामाची बँकेट, माझी आवडती डच मिठाई, असताना. मला तुमचा राग आहे, दाजी, पण इतका नाही.

म्हणून कागद या पत्रासोबत तुमच्याकडे पाठवतोय, मूळचा. तो तुमच्या गाडीचा, म्हणजे तुमचा. फ्रेम करा, चुलीत घाला, पुन्हा उंदरांना द्या. मी कोणाला बोललो नाही, बोलणार नाही. मला काहीही नको. ताईला प्रेम सांगा, गुडघ्यांना जपा.

तुमचा, आजपुरता आज्ञाधारक,
मार्विन

ता. क. काहीही नको असं वर लिहिलंय, ते जोआन उठून आत गेली होती तेव्हा. आता ती परत आली आहे आणि म्हणते आहे, खरं लिही. तर खरं असं: तुमचा कागद माझ्या बाकात निघाला, तर माझा कुठे असेल? तुमच्या पाटीवर लिहिलंय, "मागचा बाक कारखान्यापासून आजतागायत न उचकटलेला." त्या ओळीचा तुम्हाला किती अभिमान आहे ते मला माहीत आहे. तरी पाया पडून मागतो, उचकटा. पाना हवा तर मी घेऊन येतो, तुम्ही नुसते बसा. कॉर्नेलियसला आणू का?

ता. क. दुसरा. झेरॉक्स काढलेली नाही. जोआन म्हणते, हे लिहिल्याने उलट संशय येतो. येऊ दे. काढायला गेलो होतो, दुकानाच्या दारातून परत आलो.

ता. क. शेवटचा. पाकीट चिकटवलं होतं, पुन्हा फोडलं. हिरवी अस्सल निघाली तर शनिवारी कागद घेऊन या आणि तुमच्या त्या अध्यक्षाच्या आवाजात सगळ्यांसमोर वाचा, एवढं माझं देणं लागता. पण त्यात तिचंही इंजिन लहानच निघालं, तर मला फोन करू नका आणि ताईकडून निरोपही पाठवू नका. कोणाच्या तोंडून ऐकवणार नाही मला. काही न बोलता नारंगी आणा आणि मागच्या रांगेत माझ्या शेजारी लावा. मला कळेल. मी दोन खुर्च्या घेऊन लवकर जातो आणि जागा धरून ठेवतो.