पानभर ‘पा’

हुडकेश्वर, नागपूर
१८ नोव्हेंबर २०२४

प्रिय कृष्णकांत,

नमस्कार. तू बरा असशील. इकडे थंडी सुरू झाली. शाळेत सहामाहीचे पेपर तपासून बोटं दुखतात, बाकी ठीक.

परवा धरमपेठेत तुझ्या कवितासंग्रहाच्या कार्यक्रमाला आले होते. मागे बसले. मंचावर तू फार शुद्ध बोलतोस आता. ‘मले-तुले’ कुठं ठेवून आलास?

मग पडद्यावर ते पान आलं. वर्तमानपत्रांतून कापलेला ‘पा’ पानभर विखुरलेला. वर ठसठशीत, खाली पुसट, शेवटी नुसता काना. आणि त्याखाली तुझं नाव.

आपण दोघं अनियतकालिक काढत होतो तेव्हा मी ते पान केलं होतं. कवितेखाली कवीचं नाव छापायचं नाही, हा नियम तुझा. मला तो फार मोठ्या मनाचा वाटायचा.

एका मुलीनं विचारलं, “सर, ‘पा’ म्हणजे काय?”

“पाप, पाय, पाषाण. अर्थ वाचकानं भरायचा.”

टाळ्या पडल्या. मी उभी राहिले. “पाणी. ‘पा’ म्हणजे पाणी.”

तू मला ओळखलंस. तरी हसून म्हणालास, “ताईंचा अर्थही चालेल.”

ताई! आपलं लग्न ठरलं होतं, कृष्णकांत.

लकव्यानंतर आईच्या तोंडून अर्धेच शब्द निघायचे. मी शाळेत गेले की शेजारच्या गोपिकाकाकू तिच्याजवळ बसायच्या. एक दिवस त्या मौद्याला लेकीकडे गेल्या, म्हणून तू थांबलास. मी परतले तर तू पुढच्या खोलीत अंकाची प्रुफं तपासत होतास. आत आईचे ओठ फुटले होते. “पा… पा…” आवाजही नीट निघत नव्हता.

“काहून, पाणी नाही दिलं तिले?”

“मले वाटलं, उगाच बडबडून राहिली.” मग मान वर न करता विचारलंस, “लग्नानंतर ह्या आपल्यासंगंच राहतील का वं?”

मी आत जाऊन आईला चमच्यानं पाणी पाजलं. त्याच आठवड्यात ते पान केलं आणि तुझ्या हातात ठेवलं. वाटलं, पाहशील, मान खाली घालशील. तू म्हणालास, “काय प्रयोग आहे वं!” आणि पहिल्या पानावर छापलंस. लग्न मी तेव्हाच मोडलं. कारण तू कधी विचारलं नाहीस.

कार्यक्रमानंतर जिन्यात तू विचारलंस, “आई कशी आहे?” मी ‘बरी आहे’ म्हटलं. ती दसऱ्यानंतर गेली. तुझ्या तोंडून हळहळ ऐकायची नव्हती.

काल प्रकाशकाला फोन केला. ते म्हणाले, पान तुमचं असल्याचं लेखी द्या, पुढच्या आवृत्तीत नाव बदलू. कागद घेऊन बसले, आणि लिहिलं नाही. ते पान मी तुझ्यावरच केलं होतं. त्याखाली तुझं नाव आहे, तेच बरोबर आहे. राहू दे.

कुठं समोर आलोच, तर ओळख दाखवू नकोस.

उत्तरा