मागाच्या ठेक्यावर पन्नास किलोमीटर

८ नोव्हेंबर २०२४, शुक्रवार

हो म्हणाल्या!

डॉक्टर मॅडमनी आधी फिरत्या पट्ट्यावर चालवलं, मग पळवलं, मग बराच वेळ कागद बघत बसल्या. मी घाबरून त्यांच्या टेबलावरची पेनं सरळ करत होतो. मग म्हणाल्या, "पळ. पण ठोके एकशे चाळीसच्या वर जाऊ द्यायचे नाहीत. गेले की चालायचं. डोळ्यांपुढे अंधारलं की बसायचं. आणि बोटं मानेवर ठेवून ठोके मोजायला शीक, घड्याळ कधी दगा देईल सांगता येत नाही."

जन्मापासून हृदयाला भोक होतं. अकराव्या वर्षी शिवलं. त्यातच शाळा सातवीला सुटली. ठोका अजून अधूनमधून अडखळतो. तेव्हापासून माझी जागा ठरलेली – अब्बांच्या यंत्रमागांच्या शेडमध्ये, दाराजवळची खुर्ची. अम्मीने तिला उशी शिवलीय. किती कापड निघालं ते मी बसून लिहायचं.

जानेवारीत अकलोलीच्या गरम पाण्याच्या कुंडांपासून डोंगरातून पन्नास किलोमीटरची दौड आहे. नाव दिलं. घरी सांगितलं. अम्मी रडली. अब्बा म्हणाले, "खुर्चीला काटे आलेत का?"

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

शुक्रवारी भिवंडीतले माग बंद, म्हणून शुक्रवारीच पळायचं. दोस्त मनोजबरोबर वडपे गावामागच्या डोंगरावर गेलो. मनोज तिथे गोडाऊनमध्ये फोर्कलिफ्ट चालवतो, वर्षभर पळतोय. मला ठोके मोजायला छातीवर पट्टा, मनगटावर घड्याळ. जरा चढ आला की घड्याळ बोंबलतं आणि मी चालायला लागतो. उतारावर पळतो. चढ – पुन्हा बोंब.

मनोज वैतागला. "अरे, रिव्हर्स घेणारा कंटेनर पण तुझ्यापेक्षा कमी वाजतो!"

२२ नोव्हेंबर, शुक्रवार

आजही तेच. मनोजने माझं नाव 'कंटेनर' ठेवलं.

२७ नोव्हेंबर, बुधवार

आज सापडलं!

वरच्या माळ्यावरून सुताची खोकी घेऊन जिन्याने चार-पाच फेऱ्या मारल्या. अब्बा नव्हते म्हणून जमलं. खाली येऊन शादाबच्या मागाजवळ उभा राहिलो आणि मॅडमनी सांगितल्याप्रमाणे मानेवर बोटं ठेवली. बोटांखाली ठोका, समोर मागात इकडून तिकडे धावणाऱ्या धोट्याचा ठोका. दोन्ही एकदम. खट-खट-खट-खट. घड्याळात बघितलं – एकशे अडतीस. पुन्हा जिना चढलो, उतरलो. ठोके मागाच्या पुढे गेले, घड्याळ बोंबललं. थांबलो, मागाबरोबर आले, घड्याळ गप्प.

म्हणजे माझी मर्यादा लहानपणापासून माझ्या कानात आहे. शादाब वीस वर्षं आमच्याकडे माग चालवतोय, तो घाबरून धावत आला. "साद भाई, गला क्यों पकड़ा है? अम्मी को बुलाऊँ?"

म्हटलं, "शादाबभाई, तुम्हारा लूम बिलकुल सही चल रहा है."

तो म्हणाला, "तो इसमें गला पकड़ने की क्या बात है?"

६ डिसेंबर, शुक्रवार

सगळी भिवंडी गप्प होती, पण माझ्या डोक्यात माग चालू. पाऊल, श्वास, ठोका, सगळं त्याच्या आत ठेवलं. ठोका पुढे जातोय असं वाटलं की आधीच चालायला लागायचं. तीन तास डोंगरात. घड्याळ एकदाही वाजलं नाही.

मनोज सारखा मागे वळून बघत होता. "बंद पडलं का रे?"

११ डिसेंबर, बुधवार

गोडाऊनवाला शेठ पुन्हा आला होता. त्याला आमच्या शेडची जागा हवी आहे, भाडंही चांगलं देतोय. आमच्या गल्लीत बाकी सगळ्यांनी तोट्याला कंटाळून माग भंगारात काढले. अब्बांनी त्याला चहा पाजला आणि परत पाठवलं. अम्मी म्हणते, यांचा हट्ट वयाबरोबर वाढतोय.

२३ डिसेंबर, सोमवार

दुपारी जेवताना ठोका अडखळला. हातातला घास हातात. एका मिनिटात सरळ झाला, पण अम्मीने माझा चेहरा बघितला. संध्याकाळी बूट गायब.

२४ डिसेंबर, मंगळवार

मॅडमकडे गेलो. सगळं तपासलं. हे जुनंच दुखणं आहे, पळण्याने वाढलेलं नाही. उलट हृदयाची ताकद आधीपेक्षा चांगली आहे! अम्मीला फोनवर त्यांनी स्वतः समजावलं. अम्मीने तांदळाच्या पिंपातून बूट काढून दिले. आत अजून तांदूळ आहेत.

अब्बांनी विचारलं, "डोंगरात पडलास तर?"

"मनोज उचलेल."

"आणि नाही पडलास तर?"

 अब्बा उठून मागांकडे गेले.

१८ जानेवारी २०२५, शनिवार

बूट, पट्टा, गूळ, गोळ्या, मॅडमचं पत्र. पिशवी तीनदा भरली. भीती वाटते. मरायची नाही, मधेच बसावं लागेल याची.

१९ जानेवारी, रविवार

आजचं आजच लिहायचं.

पहाटे कुंडांवर वाफ होती. सुटलो आणि सगळे माझ्या पुढे गेले. मनोज पण. पहिल्या चढावर मी एकटाच सगळ्यांच्या शेवटी. खट-खट-खट. जाऊ दिलं सगळ्यांना.

निम्म्या वाटेवर, करवंदीच्या जाळीतून उतरताना शर्ट फाटला आणि छातीवरचा पट्टा अडकून तुटला. घड्याळावर नुसत्या रेघा.  खाली बसलो. वाटलं, संपलं. बाजूच्या शेतात एक म्हातारी वाल खुडत होती. ती म्हणाली, "कोन लागलाय कं रं तुज्या पाठी?"

"कोणी नाही, आजी."

"मंग पलतोस कनाला?" मग जवळ आली, हंड्यातलं पाणी दिलं. "बसलास त बस. न्हाय त ऊठ. ऊन डोक्यावर चरतंय."

मानेवर बोटं ठेवली. डोळे मिटले. शादाबचा माग चालू केला. ठोका त्याच्या बराच मागे होता. म्हणजे मी दमलो नव्हतो, घाबरलो होतो. उठलो.

पुढे प्रत्येक वळणावर थांबून मानेवर बोटं. चढ आला की चालणं, उतार आला की पळणं. दुपारनंतर एकेक जण दिसायला लागला – कोणी दगडावर बसलेला, कोणी पायात गोळा आलेला. सकाळी मला मागे टाकून गेलेलेच हे. मी त्यांच्या बाजूने जात राहिलो. एक म्हणाला, "दादा, तुम्हाला थकवा नाही येत?" म्हटलं, मला परवानगी नाही.

दौडीची ठरलेली वेळ संपायला अर्धा तास असताना कुंडांवर परत पोहोचलो. शेवटचा नाही! मनोज आधीच पोहोचून कुंडात पाय सोडून बसला होता. तिथूनच ओरडला, "आला! कंटेनर आला! जागा द्या!"

मग माझ्या गळ्यात पडून रडला. गाढव.

अब्बांचा फोन. "पोहोचलास?"

"पोहोचलो."

"पायी?"

"पायीच, अब्बा."

फोनमधून मागांचा आवाज येत होता. मग फोन बंद झाला.

२२ जानेवारी, बुधवार

पाय दुखतात तरी दिवसभर शेडमध्ये उभा राहून काम केलं. सवयच गेली बसण्याची. अब्बा रिकाम्या खुर्चीकडे बघत होते.

४ फेब्रुवारी, मंगळवार

आज शुक्रवार नाही. तरी माग बंद. शेठला जागा दिली, शादाबभाई तिथेच कामाला लागतोय. मी अब्बांना विचारलं, इतकी वर्षं तोटा सोसलात, मग आत्ताच का? ते खुर्चीची उशी झटकत म्हणाले, "तुला बसायला जागा हवी म्हणून चालवत होतो. तू आता कुठे बसतोयस?"