शेततळ्याचा दोर

चि. भानुदासला तिसगावहून आईचा आशीर्वाद.

लेकीला घरीच शिकवायचं तुम्ही नवराबायकोनं ठरवलं, आणि मास्तरकी सुमनच्या गळ्यात घालून तू नागापूरला कंपनीत गेलास. हुशार हायेस. सुमन आता पार दमली. पुस्तक उघडून नुसती बसते, संध्याकाळी शेततळ्यावर जाते. तिथल्या प्लॅस्टिकवरून घसरलेला माणूस वर येत न्हाई, म्हणून मी काठाला दोर बांधला.

तिला म्हणलं, "महिनाभर शिकवू नको गं. मी शाळेची पायरी चढले न्हाई, तरी तुझ्या नवऱ्याला वळण लावलंच. जरा वाकडं लागलं, एवढंच."

पूर्वी हसली असती. आज सकाळी दोराची गाठ सोडलेली दिसली. पत्र मिळताच ये.

मी सांगतेय ते लिहिता लिहिता तुझी लेक विचारतेय, आई कुठं गेली. अंगठा तळ्यावरून आल्यावर लावते.

तुझी आई