मशीनची डबी

९ एप्रिल
आज छतावर कुरडया घातल्या. म्हणजे हिने घातल्या, मी सोऱ्या दाबून दिला. जन्मभर आचारीपण केलं, इथे काशीला विधींसाठी येणाऱ्या आपल्या मराठी लोकांना रांधून वाढलं, पण हिच्या हाताखाली मला काही येत नाही. "चीक सांडला." "उद्या माकडं येतील, काठी घेऊन बसा." "आधी मशीन घाला कानात." मशीन मुलाने, श्रीकांतने पुण्याहून आणून दिलं. त्यातून हिचं बोलणं टोचतं.

१० एप्रिल
ही छताच्या जिन्यात पडली. उजवा पाय मोडला. प्लास्टर, दीड महिना. डॉक्टर विचारत होते, इतका वेळ पडून कशी राहिली, घरात कोणी नव्हतं? मी म्हटलं, होतो.
आणखी लिहवत नाही.

१२ एप्रिल
घडलं तसं लिहितो. चौथीपर्यंत शिकलो, तेवढं येतं.
राखणीला मी बसायचं होतं. ऊन लागलं म्हणून खाली आलो. ही बोलायला लागली. मी मशीन काढलं, डबीत ठेवलं, आडवा झालो. मग हीच काठी घेऊन वर गेली असणार.
दोन वाजले तरी पान वाढलेलं नाही. मला राग आला. भांडायलाच वर निघालो. जिन्याच्या वळणावर पडलेली, काठी चार पायऱ्या खाली. तिचे ओठ हलत होते. मला आवाज येत नव्हता, पण कळलं. अहो. अहो.
राग आला होता, हे कोणाला सांगितलेलं नाही.

१३ एप्रिल
शेजारच्या मिश्राइन जेवण घेऊन आल्या आणि रडायलाच लागल्या. "हम तो सुने थे, बाबा। घंटा भर अहो-अहो करती रहीं। हम सोचे आपको बुला रही हैं, आप जाएँगे। ऊ तो आपका नाम है।"
चाळीस वर्षं भिंतीला भिंत. गल्लीतली पोरंसुद्धा मला अहो बाबा म्हणतात. त्या हाकेला दुसरं कोण जाणार? बचाओ म्हणाली असती तर सगळा दूधविनायक मोहल्ला धावला असता.
संध्याकाळी हिला म्हटलं, पुन्हा कधी असं झालं तर सरळ माझं नाव घेऊन ओरड.
"लग्नात घेतलं तेवढं पुरे," म्हणाली. हसली नाही.

१५ एप्रिल
श्रीकांतचा व्हिडिओ कॉल. "बाबा, मशीन कानात नव्हतं का?"
मी तोंड उघडायच्या आत ही म्हणाली, "सेल संपला होता रे. त्यांची काय चूक?"
सेल आदल्या दिवशीच घातलेला. तिनेच. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा बाप्या, बायकोच्या पदराआड.
तिला सगळं ठाऊक आहे. मागे एकदा म्हणाली होती, "तुमची डबी टक वाजली की मी तोंड मिटते. भिंतीशी काय बोलायचं?" तेव्हा मी हसलो होतो.

१८ एप्रिल
मशीन दिवसभर कानात. कान ठणकतो, ठणकू दे. हिच्या खोलीच्या दाराशी स्टूल टाकून बसतो. तरी मला हाक नाही. पाणी हवं झालं की खिडकीतून "मिश्राइन!" स्वच्छ ऐकू येतं. भोसले घाटावरचे भोंगेही येतात.
मिश्राइन आल्या, मला बघून थबकल्या. "अरे, अहो बाबा तो यहीं बैठे हैं!"
"बैठे रहने दीजिए," ही म्हणाली. रागाने म्हणाली असती तर बरं वाटलं असतं.

१९ एप्रिल
श्रीकांतला खरं सांगायला फोन लावला. उचलल्यावर हवापाणी बोललो.

२१ एप्रिल
सकाळी डबी हिच्या हातात दिली. म्हटलं, "ही तुझ्याकडे ठेव. मला नको."
तिने उलटसुलट करून पाहिली. उघडली. माझ्याकडे बघत बंद केली.
टक.
इतका मोठा आवाज येतो, मला माहीत नव्हतं. माहीत कसा असणार? डबी मिटायची तेव्हा मशीन आत असायचं. तिने मात्र दर वेळी ऐकला. दिवसातून किती वेळा, देव जाणे.
तिने डबी उशीखाली सारली आणि डोळे मिटले. तांब्या रिकामा आहे, मला दिसतोय. उठून भरून ठेवता येईल. पण मग ती हाक कशाला मारेल?
बसलोय.