मधी उभी राहून ऐक

बाबा, तुमचा आवाज सध्या आपल्या घरात दोन ठिकाणी आहे, आणि दोन्हीकडचे तुम्ही एकमेकांना जुमानत नाही. ओटीवरचे तुम्ही पुढे, स्वयंपाकघरातले मागे. जेमतेम अर्ध्या सेकंदाचा फरक, पण तीन दिवस त्यानं माझ्या डोक्याला ताप दिलाय. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "तूच लावलंस ना गो, मंग तूच निस्तर." निस्तरतेय. स्वस्थ बसवत नाही म्हणून मध्येच हे लिहायला घेतलंय, आणि लिहितानाही दोनदा उठून वायर बघून आले.

तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली हे आईला आधी अधूनमधून आठवायचं. यंदा आठवतच नाही. दिवसभर ती तुम्हाला शोधते. ओटी, माजघर, परस, मग फाटक, मग सडक. दोनदा तर मुरबाडच्या एसटीत जाऊन बसली. कंडक्टरनं विचारलं तर म्हणाली, "हे हळदीला भोंगे घेऊन गेलंत, आनायला चाल्ले." कंडक्टर ओळखीचा, म्हणून पुढच्या थांब्यावरून परत पाठवली. दुसऱ्या खेपेनंतर कल्याणहून भाऊ आला आणि म्हणाला, "आता पुरे. घराला कुलूप लाव, नायतर तिकडं एक संस्था हाय, तिथं ठेवू." मी एक महिना मागून घेतला. कुलूप लावायचा माझा हात होत नाही, आणि संस्थेत ती आठवडाभरही टिकायची नाही. मी शहापूरला ऑफिसात असते तेव्हा शेजारच्या काकू लक्ष ठेवतात, पण त्यांनी तरी किती धावायचं?

लग्नाहळदीला भाड्यानं द्यायचात त्या तुमच्या भोंग्यांच्या पेटाऱ्यात कॅसेटी सापडल्या. बहुतेकांना बुरशी. एक चांगली निघाली, मुरबाडकडच्या कुठल्याशा हळदीची. रेकॉर्डिंगचं बटण चुकून दाबलेलं राहिलं असणार, कारण तिच्यात गाणी कमी आणि तुम्हीच जास्त. "हॅलो. मंडळी, पंगत बसतेय. बायकांनी बसून घ्या. उभं कुनी ऱ्हाऊ नका. सावकाश जेवा, घाई नाय." शहापूरच्या एका दुकानदाराकडून ती मोबाइलवर घेतली आणि घरी येऊन ओटीवर लावली. आई परसातून धावत आली. "आलंत? कुटं हायेत?" मोबाइलकडे बघितलं, दाराआड बघितलं, आणि सरळ फाटकाकडे निघाली. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय.

तेव्हा सुचलं की आवाज एकाच जागेवरून येतो म्हणून ती त्या जागी जाते, आणि तिथे तुम्ही नसता म्हणून बाहेर पडते. घरभर सगळीकडून आला तर जायचं कुठे? तुमचा जुना ॲम्प्लिफायर अजून चालतो. त्याला तळहाताएवढा एक कॉम्प्युटर जोडला, तो वायफायवरून मोबाइलमधलं वाजवतो. ओटीवर तो, स्वयंपाकघरात वायफायचा छोटा स्पीकर. भावाला फोनवर सांगितलं तर म्हणाला, "भजनी मंडळ काढतेस काय?" हसला खरा, पण राउटर त्यानंच पाठवला. लावलं, आणि हे भांडण सुरू झालं. आई माजघरात उभी. तुम्ही ओटीवरून "बसून" म्हणता, तेवढ्यात स्वयंपाकघरातून पुन्हा "बसून" येतं. ती मान इकडे करते, तिकडे करते. शेवटी कान झाकून रडायला लागली. मी घाईघाईनं बंद केलं.

मग मला एक जुनी हळद आठवली. मी तेरा वर्षांची आहे. तुम्ही पहिल्यांदाच मला भोंगे बांधायला सांगितलेत. मी हुशारी करून एक मांडवाच्या या टोकाला आंब्यावर बांधते, दुसरा पार त्या टोकाला, तोंडं समोरासमोर, म्हणजे सगळ्यांना दोन्हीकडून ऐकू येईल. तुम्ही ओरडत नाही. माझं मनगट धरून मांडवाच्या मधोमध नेता. "मधी उभी राहून ऐक." नवऱ्याच्या मामाला कोणीतरी माइकवरून बोलावतंय, आणि मला मामा सोडून काही कळत नाही.

"काय समजलं?"

"काय नाय."

"भोंग्याखाली उभं राहून कुनालापन चांगला ऐकू येतो. ज्याच्यासाठी लावलाय त्याच्या जागी उभी ऱ्हा."

अख्खी हळद बघत होती. तुम्ही दोन्ही भोंगे उतरवून एकाच बांबूला पाठीला पाठ लावून बांधलेत, आणि ते ऐकायला मी थांबलेसुद्धा नाही. त्यानंतर तुमच्या वायरीला हात लावला नाही. तुम्ही पुढे दोनदा बोलावलंत, दोन्ही वेळा मी अभ्यासाचं कारण सांगितलं. मला राग होता, बाबा, आणि तो मी चांगला जोपासला. तुम्ही बरोबर होतात हे मला तिथंच कळलं होतं, म्हणून तर राग.

हे इथवर लिहून ठेवलं होतं. पुढचं दहा दिवसांनी लिहितेय. इथवर लिहिलं त्याच रविवारी दुपारी मी माजघरात आईच्या पाटावर, भिंतीला पाठ लावून बसले. तोवर मी आधी ओटीवर जाऊन ऐकायचे, मग चुलीपाशी जाऊन, दोन्हीकडे ठीकच वाटायचं. मोबाइलमध्ये एक रकाना आहे, कोणत्या स्पीकरनं किती थांबायचं ते लिहायचं. मागच्याला पळवता येत नाही, पुढच्यालाच थांबवावं लागतं. थोडं वाढवलं, ऐकलं, कमी केलं. अर्धी दुपार गेली. मग एकदा "उभं कुनी ऱ्हाऊ नका" असं एकदाच आलं, आणि ओटीवरून की आतून ते मला सांगता आलं नसतं.

आई दारात येऊन उभी राहिली होती. तिनं मान कुठेच वळवली नाही. मी पाटावरून उठले. ती बसली, पदर सारखा केला आणि म्हणाली, "वाढ गो. पंगत खोळंबलीय." भात आणि वालाचं बिरडं जेवली, बिरडं पुन्हा मागून घेतलं. तुमचा आवाज त्या छोट्या कॉम्प्युटरमध्येच भरून ठेवलाय, आता रोज बाराला मी ऑफिसातून मोबाइलवरून तुम्हाला सुरू करते, काकू ताट वाढतात. दहा दिवसांत ती फाटकाकडे गेलेली नाही. काल मला सुट्टी होती, भाऊ येऊन तिच्या पंगतीला जेवून गेला. हात धुताना म्हणाला, "ऱ्हाऊ दे मंग हितंच."

म्हणजे जिंकले. तरी जिवाला चैन नाही. आई आता तुम्हाला शोधत नाही. "कधी येनार?" हे दिवसातून वीसदा विचारायची, मी खेकसायचे तिच्यावर, तेही बंद झालं. या घरात तुमची वाट बघणारं ते एकच माणूस होतं, आणि मी त्याला पाटावर बसवलं. हा कागद मी तुमच्या पेटाऱ्यात कॅसेटींखाली ठेवणार आहे, दुसरं कुठे पाठवणार? आणि एक सांगायचं राहिलं. काल भाऊ गेल्यावर आई आत शांत बसलेली, आणि मीच फाटकापर्यंत गेले. मुरबाडहून येणारी एसटी थांबली, माणसं उतरली, शेवटचा माणूस उतरेपर्यंत उभी होते.