मापांचा कॉम्प्युटर नवा करताना

३ मार्च, सोमवार. सकाळी ९.१०

बाबा मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आत्याकडे गेले. दोन आठवडे. निघताना म्हणाले, दुकान सांभाळ. नीट सांभाळलंस तर आल्यावर तुझ्याच हातात देतो. हे कटरकाकांसमोर म्हणाले, म्हणजे साक्षीदार आहे. कटरकाका आमच्याकडे माझ्या जन्माआधीपासून कापड कापतात.

हातातलं काम: बँडवाल्यांचे बावीस कोट. सतरा तारखेला द्यायचे. मापं कॉम्प्युटरमध्ये आहेत. बाकीच्या चारशे गिऱ्हाइकांचीही.

कॉम्प्युटर मात्र गेले सहा महिने रोज सांगतोय की त्याची ऑपरेटिंग सिस्टिम जुनी झाली. बाबा रोज तो मेसेज बंद करतात. मी ठरवलं आहे की आधी नवी सिस्टिम टाकायची, मग कोट. दोन तासांचं काम, असं लिहिलंय. मी तीन धरले.

संध्या. ६.४०

सुरुवात झाली नाही. आधी करार येतो. वाचला असं समजून लोक खाली ‘मान्य’ दाबतात. आमच्या घरी न वाचता कोणी कशालाही हो म्हणत नाही. मी आठव्या वर्षापर्यंत शाळेत गेले नाही. बाबांनी कटिंगच्या टेबलाशी बसवून वाचायला शिकवलं, आणि माझं पहिलं पुस्तक म्हणजे शिलाई मशीनचं गॅरंटी कार्ड. कराराच्या पान चौदापर्यंत पोचले. कटरकाकांनी विचारलं, नाही पटलं तर काय करणार, त्यांना पत्र लिहिणार? म्हटलं, प्रश्न तत्त्वाचा आहे. ते म्हणाले, प्रश्न बावीस कोटांचा आहे.

४ मार्च, मंगळवार

करार संपला. कलम नऊ मला मान्य नाही, याची इथे नोंद. ‘मान्य’ दाबलं.

त्याआधी अर्थातच बॅकअप. स्क्रीनवर दिसत होतं ते सगळं पेनड्राइव्हवर ओढलं. दोन सेकंदांत झालं! चारशे माणसांची मापं, आणि जागा किती, तर जवळजवळ नाहीच. बाबांची काटकसर फायलींतही उतरली आहे. पेनड्राइव्ह उघडून तपासला. प्रत्येक चित्राच्या कोपऱ्यात एक छोटा बाण आहे. फाईल सुखरूप पोचल्याची खूण असावी. तरी मनाला चैन पडेना म्हणून दुसऱ्या पेनड्राइव्हवर दुसरी प्रत केली. त्यावर चिठ्ठी, तारीख, सही. बटणांच्या डब्यात ठेवली.

मग कॉम्प्युटरने विचारलं, डिस्कवरचं सगळं पुसायचं का? हो म्हटलं. दुकानही आपण आधी झाडतो, मगच गिऱ्हाइकाला आत घेतो. त्याने पुन्हा विचारलं, नक्की? इतकी काळजी घेणारं यंत्र मला आवडलं.

५ मार्च, बुधवार

पस्तीस टक्के. स्क्रीनवर लिहिलंय, कॉम्प्युटर बंद करू नका. म्हणून समोरून हलले नाही. इस्त्री लावली की आमच्याकडे फ्यूज जातो, म्हणून आज इस्त्री बंद. एक गिऱ्हाईक चुरगळलेली पँट घेऊन गेलं. जाताना मान हलवली.

बाबांचा फोन. ऑपरेशन छान झालं. विचारलं, कुठवर आलंय? म्हटलं, पस्तीस टक्के. म्हणाले, दोन दिवसांत पस्तीस म्हणजे हात चांगला बसलाय तुझा. ते कोटांबद्दल बोलत होते, हे फोन ठेवल्यावर लक्षात आलं. एकही कोट कापलेला नाही. पण मी खोटं बोललेले नाही. पस्तीस हा आकडा खरा आहे.

दु. ४.१५. कटरकाकांनी इस्त्री लावली. पुन्हा शून्य टक्के. मी त्यांना माफ केलं. ते म्हणाले, कशाबद्दल?

७ मार्च, शुक्रवार

झालं! स्क्रीनवर डोंगर, वर निळं आकाश. पेनड्राइव्ह लावला. ‘ही फाईल सापडत नाही.’ दुसरा लावला. तोही तेच म्हणाला. दोन्ही प्रती तंतोतंत सारख्या आहेत, एवढं सिद्ध झालं.

कॉम्प्युटरवाल्याला बोलावलं. त्याने पाहिलं आणि खुर्ची ओढून बसला. म्हणाला, ताई, तुम्ही घरं तिथेच ठेवलीत आणि दारावरच्या पाट्या काढून आणल्यात. विचारलं, घरं आता कुठे आहेत? म्हणाला, तिथे आता हा डोंगर आहे. दुसऱ्या प्रतीवरची माझी सही वाचून मात्र तो हसला. ते बरं दिसलं नाही.

बाबांना सांगायचं का? डॉक्टरांनी डोळ्यांवर ताण नको म्हटलंय. तेव्हा न सांगणं हा उपचाराचाच भाग आहे.

१० मार्च, सोमवार

बँडमास्तरांना कळवलं की मापांमध्ये आम्ही नवी अचूकता आणतो आहोत. ते बावीसही जणांना घेऊन आले. म्हणाले, आमच्यात कोणाचा सूर चुकला तर तसंच पुढे वाजवतो, सगळ्यांना पुन्हा घरून बोलावत नाही. ढोलवाला म्हणाला, महिन्यात मी जाड झालो असं वाटतंय का तुम्हाला? वाटत नाही म्हटलं. टेप दोन इंच जास्त दाखवत होती.

मी मापं थेट कॉम्प्युटरमध्ये घालत होते. एकोणिसाव्या माणसाच्या छातीला तो स्वतःहून बंद झाला. अपडेट. उघडल्यावर पुन्हा नुसता डोंगर.

कटरकाका तिकडे खडूने टेबलाच्या फळीवर मापं लिहीत बसले होते. सगळी. हे अत्यंत अशास्त्रीय आहे, असं मी त्यांना सांगितलं. मग ती मापं उतरवून घेतली.

१३ मार्च, गुरुवार

अकरा कोट कापून झाले. मी काज करते आहे. तीन दिवस झोप नाही. बाबांचा फोन आला आणि मी सगळं सांगून टाकलं. पेनड्राइव्ह, पाट्या, डोंगर, पस्तीस टक्केसुद्धा. बाबांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, कटर आहे का तिथे? दे त्याला.

बारा मिनिटं बोलले. इकडून एवढंच ऐकू आलं: हो. हो. नाही हो, पोर मनाने चांगली आहे. हो, बघतो मी.

दुकान माझ्याकडे सोपवण्याचे तपशील ठरत असावेत.

१७ मार्च, सोमवार

कोट गेले. बावीसच्या बावीस बरोबर बसले. ढोलवाला आरशापुढून हलेना.

दुपारी बाबा आले. चष्मा नाही! टेबलावरची खडूची मापं त्यांनी दारातूनच वाचली. डोंगर पाहिला. म्हणाले, चित्र छान आहे. मग खुर्चीवर बसले आणि म्हणाले, आता इतकं स्वच्छ दिसतंय की अजून दहा वर्षं दुकान मीच बघतो. मी विचारलं, आणि मी? म्हणाले, तू आहेसच की.

म्हणजे ऑपरेशन अपेक्षेपेक्षा चांगलं झालं. त्याला कोण काय करणार.

मग त्यांनी मापांसाठी एक जाड वही आणायला सांगितली. जबाबदारीचं काम आहे, मलाच सांगितलं. मी लगेच वह्यांच्या दुकानात गेले. दुकानदाराने विचारलं, एकरेघी की दुरेघी?

म्हटलं, घरी विचारून येते.